चारच्या खालचा काटा

हिसाए फुजिमोरी दुकानात आली ती खरबुजाची पेटी छातीशी धरूनच. ओगुची तेइजीनं चष्म्यावरून आधी पेटीकडे पाहिलं, मग बाईंकडे. सुवा गावात कोण काय घेऊन आलंय त्यावरून काम किती अवघड आहे हे बसल्या जागी कळतं. घड्याळात सेल घालायचा असेल तर माणूस घरचं लोणचं आणतो, जुना रेडिओ असेल तर बिस्किटांचा डबा. देठाला रिबीन बांधलेलं खरबूज म्हणजे काम होण्यासारखं नाही हे आणणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तरी ते करून घ्यायचंच असं तो घरून ठरवून निघालेला असतो. शिवाय घेतलेल्या भेटीच्या निम्मं काहीतरी परत करावं लागतं, आणि अर्धं खरबूज कुणी कुणाला पाठवत नाही.

"अहो, एवढं कशाला," ओगुची म्हणाला आणि पेटी आपल्याकडे ओढून घेतली.

"आमच्या ह्यांच्या गाडीचं बघायचं होतं, ओगुचीसान. ती मधली तबकडी. इंजिन किती फिरतंय ते दाखवते ती."

"टॅकोमीटर. बंद पडलाय का?"

"बंद असता तर कशाला आले असते? चालतोय."

"मग बिघडलं काय?"

"बॅटरी काढून ठेवलीय. हे गेले तेव्हापासून. आणि काटा रोज सकाळी वेगळ्या जागी असतो."

आत मुळा चिरत असलेल्या तोमिएची सुरी थांबली. ओगुचीची बायको दुकानातलं बोलणं कधी ऐकत नसे. फक्त अशा वेळी तिची सुरी थांबे.

इसाओ फुजिमोरी फेब्रुवारीत गेला होता. दारातलं बर्फ उपसता उपसता फावड्यावर टेकला, तो तसाच राहिला. जन्मभर कॅमेऱ्याच्या कारखान्यात भिंगं घासली, कुणाशी चार शब्द जास्तीचे बोलला नाही. हौस एकच, ती दोन दारांची, सायीच्या रंगाची जुनी गाडी. ओगुचीही एके काळी मोटारींची मीटरं बनवणाऱ्या कारखान्यात होता आणि निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत जुन्या गाड्यांची मीटरं दुरुस्त करत असे. त्यामुळे दोघांची ओळख होती, पण सुवातल्या दोन पुरुषांची असते तेवढीच: भेटले की हवेबद्दल बोलायचं आणि आपापल्या वाटेनं जायचं.

"योसुकेनं नागोयात गिऱ्हाईक बघितलंय," हिसाए म्हणाली. योसुके म्हणजे तिचा मुलगा. "ओबोनला पितर येऊन गेले की गाडी न्यायला येणार आहेत. मी हो म्हणून बसलेय. पण हे आत असतील तर? नवरा आत बसलाय आणि बाईनं गाडी विकली, असं कुणी करतं का?"

"करतात की," आतून तोमिए म्हणाली. "नुसत्या नवऱ्याला गिऱ्हाईक मिळत असतं तर रांगा लागल्या असत्या."

"तोमिएसान, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय?"

"मठातल्या गुरुजींना विचारलंत?" ओगुचीनं विषय वळवला.

"विचारलं. म्हणाले, फुजिमोरीसान बुद्धाच्या चरणी आहेत, ओबोनला घरीही येतील. मी म्हटलं, मग मधल्या दिवसांत शेडमध्ये कोण बसतं? त्यांनी चहा संपवला आणि पाऊस येईलसं वाटतं म्हणाले." हिसाएनं दोन्ही हात मांडीवर ठेवून मान लववली. "तुम्ही यंत्रातले. मला एकच सांगा. स्प्रिंगचा, वायरीचा दोष असेल तर तसं सांगा, मी किल्ली देऊन टाकते. हे असतील तर आहेत म्हणून सांगा. मग योसुके काय, त्याचा बाप आला तरी गाडी…" ती थांबली. "म्हणजे, तेच तर."

शेडवर पत्रा होता आणि जुलै महिना होता. आत शिरताच ओगुचीला अर्धं उत्तर मिळालं. पत्रा तापला की आतलं सगळं फुगतं, संध्याकाळी तळ्यावरचा वारा आला की आक्रसतं. काट्याला शून्यावर ओढून धरणारी केसाएवढी स्प्रिंग थकलेली असणार. मग काटा जिथे ढकलला जाईल तिथे बसतो. त्यात भूत कुठलं? काटा दोनच्या जरा पुढे होता. ओगुचीनं काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. हा मात्र त्याला जरा आगाऊपणा वाटला. थकलेल्या स्प्रिंगचा काटा टिचकीनं हलतोच.

त्यानं मीटर काढून घरी नेलं. मागच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या होत्या. रचना साधी. इंजिनातल्या प्रत्येक ठिणगीबरोबर कॉइलच्या वायरीतून एक झटका जातो. ती वायर मीटरच्या पाठीवर एक वेढा घेऊन पुढे जाते. झटके जितके दाट, तितका काटा वर. एका झटक्याला काट्यानं किती चढायचं हे आतला एक छोटा कंडेन्सर ठरवतो. ओगुचीनं स्प्रिंग बदलली, काट्याची बैठक साफ केली, आणि मग त्या कंडेन्सरपाशी येऊन थांबला. तो मूळचा नव्हता. मूळच्यापेक्षा लहान होता, आणि त्यामुळे इंजिन तीन हजारांवर असताना काटा दोन हजार दाखवत असणार. सहा सिलिंडरच्या गाडीला तो चालला असता. ही चारची होती.

'कुणीतरी गाढवानं घाईत बसवलाय,' ओगुची मनात म्हणाला. पण टाका घाईतला नव्हता. थेंब गोल, चकचकीत, भिंगासारखा. तिकडे त्याचं लक्ष गेलं आणि गेलं तसं निघूनही गेलं. त्यानं योग्य मापाचा कंडेन्सर बसवला आणि कुणाला काही बोलला नाही. मेलेल्या माणसाच्या गाडीतली चूक पहिल्याच ओबोनच्या तोंडावर त्याच्या बायकोला सांगायची नाही, एवढं सुवात लहान मुलालाही कळतं. चूक गुपचूप सुधारायची आणि गप्प बसायचं. हा मोठेपणा फुकट असल्यामुळे ओगुचीनं तो सढळ हातानं केला.

मग शेडमध्ये बसून त्यानं नव्या वायरी ओढल्या. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्यात नवी रबरी कडी घातली, अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून लख्ख लोखंड काढलं, मीटरच्या पाठीवरचा वेढा नीट उजवीकडून घेतला, बॅटरी जोडली. एकट्यानं तळ्याकाठी चक्कर मारली. शेजारच्या सीटवर इंजिनाचे फेरे मोजणारा टेस्टर ठेवला होता. टेस्टर तीन हजार म्हणाला की काटा तीनवर, चार म्हणाला की चारवर. शिवाय ओगुचीचे कान होतेच. इंजिन ऐकून आकडा सांगायची पैज तो कारखान्यात कधी हरला नव्हता, आणि म्हणून त्याच्याशी पैज लावणारंही कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काटा शून्यावर. तिसऱ्या दिवशीही.

"म्हणजे नाहीत," हिसाए म्हणाली.

"स्प्रिंग होती. उन्हानं हलायची."

"बरं झालं." तिनं चहा ओतला. कपाबाहेर सांडला तो पुसलाही. "मग देते किल्ली. फक्त एकदा मला दाइमोन घाटात फिरवून आणाल? मला चालवता येत नाही. मी आपली जन्मभर डाव्या सीटवर."

ओगुची लगेच हो म्हणाला. अर्धं खरबूज असं परस्पर फिटत होतं.

ती आत बसली. तिनं दार लावून घेतलं, आणि त्याच क्षणी नऊशेवर स्थिर असलेला काटा सहाशेवर उतरला. इंजिन मात्र तेच गुणगुणत होतं, नऊशेचं. ओगुचीनं काचेवर टिचकी मारली.

"हेही असंच करायचे," हिसाए समाधानानं म्हणाली.

रस्त्याला लागल्यावर ती बोलत सुटली. "लग्न नवं होतं तेव्हा ह्यांनी मला घाटात नेलं. काटा पाचवर! मी म्हटलं, थांबवा. उतरले आणि सपाता घालून चालत खाली आले. मागून हे गाडी ढकलल्यासारखे हळूहळू. घरी आल्यावर म्हटलं, चारच्या वर काटा गेलेला दिसला तर पुन्हा बसणार नाही. रस्त्याकडे बघायचा मला धीर नाही, मी काट्याकडे बघणार. त्यांनी शब्द दिला आणि मरेपर्यंत पाळला. इतका सावकाश गाडी चालवणारा माणूस सगळ्या नागानो प्रांतात नसेल."

"सावकाश," ओगुची म्हणाला.

"इतकी सवय झाली ना, की काट्यावरून मला वळण कळायचं. आता अडीच, म्हणजे पुलाचं वळण. आता तीन, देवदारांचा सरळ पट्टा. ट्रकवाले तर आमच्याही मागे पडायचे. त्यांना कसली घाई नसायची."

ओगुचीचा कान सांगत होता, साडेचार हजार. काटा तीनवर होता. वेगाचं मीटर स्टिअरिंगच्या आड होतं, डाव्या सीटवरून दिसण्यासारखं नव्हतं. तो गोल, चकचकीत टाका त्याला आठवला. गाढवानं नव्हता बसवला तो. भिंगं घासणाऱ्या हातानं बसवला होता. बायकोनं चारची हद्द घातली, तर या माणसानं हद्द न ओलांडता चारलाच सहा केलं.

पण तो कंडेन्सर आता ओगुचीच्या खणात होता. मीटरमध्ये नवा होता, खरा.

घाटमाथ्यावर हिसाए भाजलेली कणसं आणायला उतरली. दार लागलं आणि काटा सहाशेवरून नऊशेवर चढला. ती परत येऊन बसली, सहाशे. "मागचा दिवा लागतो का बघता?" त्यानं तिला पुन्हा उतरवलं. नऊशे. ती बसली. सहाशे. टेस्टर एकसारखा नऊशे सांगत होता. ओगुचीनं कणीस हातात घेतलं आणि ते गार होईपर्यंत त्याला दात लावला नाही.

"आवडलं नाही का?" हिसाएनं विचारलं.

"जीभ पोळेल म्हणून थांबलोय."

घरी येऊन त्यानं तोमिएला सगळं सांगितलं. ऐकताना तिनं एकदाही टोमणा मारला नाही, त्यामुळे तो आणखी घाबरला.

"म्हणजे मेल्यावरही बायकोला फसवतोय," ती शेवटी म्हणाली.

"तिला भीती वाटू नये म्हणून."

"फसवणाऱ्यांची कारणं नेहमी गोडच असतात. सांगा तिला."

"काय सांगू? तो आहे, एवढंच नाही ना सांगता येत. कशावरून आहे विचारलं तर? खोटं दाखवतोय यावरूनच आहे. बाई गावभर सांगत फिरते, माझ्या नवऱ्यासारखा शब्दाचा पक्का माणूस नाही. तिच्याजवळ तेवढंच तर उरलंय. तेही मी काढून घेऊ?"

"नाही सांगितलंत तर ती त्याला नागोयाला विकून टाकील."

"ते आहेच."

"तिनं विचारलं काय होतं तुम्हाला? आहेत की नाहीत. आणि तुम्ही सांगून आलात, स्प्रिंग." तोमिएनं ताटं उचलली. "खरबूज कुणी खाल्लं? मी एकच फोड घेतली होती."

ओबोनच्या पहिल्या दिवशी, तेरा ऑगस्टच्या दुपारी, ओगुची फुजिमोरींच्या घरी गेला. देव्हाऱ्यापुढे काड्यांच्या पायांचा काकडीचा घोडा मांडला होता, येणाऱ्यानं लवकर यावं म्हणून, आणि वांग्याची गाय, जाणाऱ्यानं रमतगमत जावं म्हणून. हिसाएनं घोड्याचे पाय दोनदा नीट केले होते. तरी तो जरा पुढे झुकलेला होता.

"गाडीत बसा," ओगुची म्हणाला. "तिथेच सांगतो."

शेडमध्ये इंजिन सुरू करून त्यानं तिला आधी बाहेर उभं केलं आणि खिडकीतून काटा दाखवला. मग बसवलं आणि पुन्हा दाखवला. टेस्टर तिच्या हातात दिला. खणातला छोटा कंडेन्सर कागदात गुंडाळून आणला होता, तोही दिला. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

हिसाए म्हणाली, "शेजारच्या मियाझावाबाईंना एकदा मागे बसवून नेलं होतं. त्यांना सारख्या उलट्या. मला वाटलं, त्यांचं पोट नाजूक."

"हं."

"ट्रक मागे पडायचे."

"हं."

"मी दहा जणींना सांगितलं, नवऱ्याला धाक असावा तर असा." तिनं कंडेन्सर कागदात परत गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. "चारच्या वर नाही, असा शब्द दिला होता मला."

"काट्यानं पाळला."

"तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका, ओगुचीसान. तुम्ही सगळे एका माळेचे." आवाजात हसू होतं की रडू ते ओगुचीला कळलं नाही, आणि त्यानं कळून घेतलंही नाही. "म्हणजे आत्ता आहेत. इथे."

"तुम्ही बसलात की काटा उतरतो. मला एवढंच सांगता येतं."

"चला," ती म्हणाली. "घाटात. ते न्यायचे तसे."

देवदारांच्या सरळ पट्ट्यावर ओगुचीनं पाय दाबला. गाडी म्हातारी होती, पण आवाज खणखणीत. साडेपाच, मग सहा हजार. काटा तीन, साडेतीन आणि चार. चारवर येऊन तो थांबला, अगदी रेषेवर, शब्द दिल्यासारखा. झाडांची सावली पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर येत होती. हिसाएनं नेहमीप्रमाणे रस्त्याकडे पाहिलं नाही.

"अहो," ती काट्याला म्हणाली. आवाज अगदी घरातला, मोजे कुठे टाकलेत विचारावं तसा. "पुरे झालं आता. खरं दाखवा."

काटा हलला नाही.

"मी उतरून चालत जाणार नाही. माझाही शब्द."

ओगुचीचा पाय होता तिथेच होता, इंजिनाचा आवाज तसूभर बदलला नव्हता. आणि काटा चार सोडून वर निघाला. घाई न करता, एखादा माणूस चोरून ठेवलेली वस्तू खिशातून काढतो तसा. साडेचार. पाच. सहावर जाऊन उभा राहिला.

हिसाएनं दाराची मूठ दोन्ही हातांनी पकडली. ओगुचीनं पाय उचलायला घेतला.

"कमी करू नका," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "एकदा बघू दे मला, मी कशात बसत होते ते."

माथ्यावर दोघं उतरली नाहीत. गाडी वळवून ओगुची खाली निघाला. आता काटा आणि टेस्टर हातात हात घालून चालले होते. इंजिन अडीच, काटा अडीच. इंजिन दोन, काटा दोन. पुलाचं वळण गेलं. हिसाए एकटक बघत होती.

"मला भीती वाटतेय," ती हळूच म्हणाली.

ओगुची दचकला आणि गाडी आणखी हळू केली. मग त्याच्या लक्षात आलं की ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"अहो, मला भीती वाटतेय." काटा दोनवर होता. इंजिनही दोनवर होतं. "खूप वाटतेय." तिच्या आवाजात भीती अजिबात नव्हती, आणि ते त्या दोघांनाही ऐकू येत होतं, तिसऱ्यालाही येत असेल तर त्यानं ओळखलं असणार. गाव येईपर्यंत ती अधूनमधून तेच म्हणत राहिली. काटा खरंच सांगत राहिला.

गल्लीत दारोदारी भूर्जाच्या साली पेटल्या होत्या. तेलकट काळा धूर खाली उतरून रस्त्यावर पसरत होता, आणि लोक दारात उभे राहून आपापल्या माणसांना बोलावत होते. ओगुचीनं गाडी शेडमध्ये घातली. इंजिन बंद केलं नाही.

"आहेत का?" हिसाएनं विचारलं.

"खरं दाखवणारा काटा दुरुस्त काटा असतो, फुजिमोरीसान. त्यातून आणखी काही कळत नाही. मघापर्यंत खोटं दाखवत होता म्हणून कळत होतं."

"मीच सांगितलं त्यांना, पुरे म्हणून."

हिसाएनं मीटरच्या काचेवर बोट टेकवलं.

"मागे एक स्क्रू असतो ना? काटा वरखाली करायचा?"

"आहे."

"तो फिरवला तर पुन्हा खाली येईल?"

"येईल. जरासा फिरवावा लागेल, एवढंच." त्यानं खिशातला बारीक पेचकस बाहेरही काढला. तिनं सांगितलं असतं तर त्यानं तो फिरवला असता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मीटर मुद्दाम चुकवून त्याला त्याची लाजही वाटली नसती.

हिसाएनं पेचकसाकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "ते तुमचं खोटं होईल."

तिनं स्वतःच किल्ली फिरवली. काटा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. मग ती घरात गेली, चपलाही न काढता ओट्यावर टेकून तिनं नागोयाला फोन लावला. ओगुचीला निघायला हवं होतं. पण शेडमध्ये गाडीपाशी एकट्यानं थांबणं त्याला जमेना आणि घरात जाणंही, म्हणून तो मधल्या अंगणात उभा राहिला.

"योसुके, गाडी घेऊन जा म्हण त्यांना. हो, ठरल्याप्रमाणे… नाही, रडत नाहीये, धूर आहे सगळीकडे… ऐक. त्या माणसाचं लग्न झालंय का? तू विचारलं नाहीस? मग विचार. आणि त्याची बायको भित्री आहे का, तेही विचार… मला काय करायचंय म्हणजे? भित्री असेल तर पैसे थोडे कमी घे, पण गाडी तिथेच जाऊ दे."

पलीकडून योसुके काहीतरी मोठ्यानं म्हणत होता. हिसाएनं रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि तो दमेपर्यंत तसाच धरून ठेवला.